हार्डनॉट पास, नाणेघाट आणि आमचे आप्पा



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊनच बसा. मेच्या हाफ टर्ममध्ये आम्ही लेक डिस्ट्रिक्टला गेलो होतो आणि एक दिवस गाईडच्या फोर बाय फोरमधून हार्डनॉट पास ओलांडला. फोटो टाकल्यापासून तिघीचौघींनी फोन करून विचारलं, स्वतःची गाडी का नाही नेली, मुलं घाबरली का, आजोबांना झेपलं का. सगळं सांगते. पण त्या घाटाचा इतिहास सांगितल्याशिवाय आजोबांचा किस्सा कळायचा नाही, आणि खरं तर तो किस्सा सांगायचा म्हणूनच लिहायला बसले.

मी सीए आहे, इतिहासातली जाणकार नाही. कुठलाही किल्ला, पूल, रस्ता बघितला की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो खर्च कोणी केला आणि वसूल झाला का. वीस वर्षांची सवय आहे, सुट्टीतही सुटत नाही. त्यामुळे पुढे जे वाचाल तो थोडासा ऑडिट रिपोर्टच समजा.

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, यंदा सहा महिन्यांसाठी आले होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. वय ७२. आम्ही मँचेस्टरजवळ राहतो. आप्पा पहाटे पाचला उठायचे, अंघोळ-पूजा उरकून खिडकीत बसायचे आणि समोर गाडी पार्क करणाऱ्यांकडे बघून मान हलवायचे. नातवंडांशी बोलणं "जेवलास का" आणि "शाळा काय म्हणते" ह्याच्या पुढे सरकत नव्हतं. मुलगा १३ वर्षांचा. त्याला मराठी कळतं सगळं, पण बोलायला लागला की तिसऱ्या शब्दाला इंग्लिशमध्ये घसरतो. मुलगी ९ वर्षांची, इयर फोर. तिच्या वर्गात रोमन चालू होते, त्यामुळे घरभर पुठ्ठ्याच्या ढाली. म्हटलं, हिचे रोमन बघू, आप्पांना डोंगर दाखवू, एका दगडात दोन पक्षी.

नवऱ्याला हार्डनॉटचा व्हिडिओ दाखवला. त्याने तो पूर्ण बघितला आणि शांतपणे सांगितलं, "आपली गाडी लीजवर आहे. मी नेणार नाही." मग गाईडवाली गाडी बुक केली. गाडी मोठी, सहा जण बसतील अशी. आप्पांनी न विचारता पुढची सीट पकडली.

आता रस्ता. ॲम्बलसाइडहून निघालं की लिटल लँगडेलमधून चढ सुरू होतो. पहिला लागतो रायनोज पास. त्याच्या माथ्यावर एक उभा दगड आहे, थ्री शायर स्टोन, जुन्या लँकशायर, कंबरलंड आणि वेस्टमोरलंड ह्या तीन काउंट्या जिथे मिळायच्या ती खूण. १९७४ मध्ये त्या तिघींतून कंब्रिया काउंटी झाली आणि २०२३ मध्ये कंब्रियाच्या जागी परत दोन नव्या कौन्सिल आल्या. दगड मात्र जागचा हलला नाही. रायनोज उतरलं की कॉकली बेक नावाची वाडी, आणि तिथून समोर हार्डनॉट. माथ्याची उंची ३९३ मीटर. आकडा ऐकून हसू येईल, कारण आपलं खंडाळासुद्धा ह्याहून उंच. पण उंचीवर जाऊ नका. चढ बघा. सगळ्यात खडी जागा १ ला ३ आहे, म्हणजे तीन मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. इंग्लंडमधला सगळ्यात खडा रस्ता कोणता, ह्यावरून हार्डनॉट आणि यॉर्कशरमधली रोझडेल चिमनी बँक ह्यांच्यात जुनं भांडण आहे. रस्ता एका गाडीपुरता, वळणं हेअरपिनची, आणि एका बाजूला काही नाही. खरंच काही नाही.

हा रस्ता घातला रोमन लोकांनी, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. विंडरमिअर तळ्याच्या टोकाला ॲम्बलसाइडमध्ये त्यांची छावणी होती आणि रॅव्हनग्लासला समुद्रकाठी बंदर. मध्ये हे डोंगर. बंदरावर उतरलेला माल आणि माणसं आत न्यायची तर दुसरा जवळचा मार्ग नाही. आणि रस्ता केला की त्यावर चौकी आली. ती चौकी म्हणजे हार्डनॉटचा किल्ला, रोमन नाव मेडिओबॉग्डम. सम्राट हेड्रियनच्या काळात, १२० ते १३८ च्या दरम्यान बांधलेला. सुमारे ५०० शिपायांची शिबंदी. इतक्या लोकांचं धान्य, सरपण, चपला, पगार ह्या चढावरून वर न्यायचा. मी तिथे उभी राहून मनातल्या मनात बजेट मांडत होते आणि ते काही बसत नव्हतं. बसलं नाहीच. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोमनांनी सरहद्द स्कॉटलंडमध्ये ढकलली तेव्हा किल्ला रिकामा केला, नंतर परत माणसं ठेवली, आणि तिसरं शतक उजाडण्याच्या सुमारास सैन्य कायमचं निघून गेलं.

पुढची दीड हजार वर्षं मी भरभर सांगते. रोमन गेले, रस्ता कोणी दुरुस्त करेना, पण वाट मोडली नाही. बाराव्या शतकात फर्नेस ॲबीचे मठवासी इथून ये-जा करायचे, त्यांना जाण्यायेण्याचा हक्क मिळालेला होता. मेंढ्या, लोकर, शिसं, तट्टांच्या पाठीवर. मग १८८० च्या दशकात पर्यटनवाल्या एका मंडळाने ठरवलं की घोडागाड्या जातील असा रस्ता केला तर पाहुणे येतील आणि पैसा येईल. रस्ता नीट केला. पैसा आला नाही. त्या काळच्या घोड्यांचं मत कोणी विचारलं होतं की नाही, देव जाणे. १९१३ मध्ये पहिल्या मोटारी वर चढल्या. १९३६ मध्ये कंबरलंडच्या हायवे कमिटीसमोर रस्ता पक्का करायचा प्रस्ताव आला आणि कमिटीने तो फेटाळला. मी त्या कमिटीत असते तर मीही फेटाळला असता. मग दुसरं महायुद्ध. सैन्याने इथे रणगाडे चालवायचा सराव केला आणि होता तो रस्ताही उखडून टाकला. युद्ध संपल्यावर भरपाई म्हणून डांबर पडलं. शतकानुशतकं कुठल्याही हिशोबात न बसलेला रस्ता अखेर पक्का झाला, तो आधी मोडला म्हणून.

तर आमची गाडी. हार्डनॉटचा माथा ओलांडून आम्ही एस्कडेलच्या बाजूने उतरत होतो. गाईड साठीच्या आसपासचा, बोलका माणूस. आप्पा मात्र त्याच्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर रस्त्यावर आणि कान इंजिनवर. उतार सुरू व्हायच्या आधी गाईडने गिअर खाली आणला तसं आप्पांनी मान डोलावली, गाणं जमल्यावर डोलावतात तशी. मागे वळून नातवाला म्हणाले, "बघ. ज्या गेरात चढायचं, त्याच गेरात उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून बसला का गेला."

मुलाला "गेला" म्हणजे कुठे गेला ते कळलं नाही, पण बाकी कळलं.

दोन वळणं खाली खालून एक छोटी गाडी वर येत होती, भाड्याची असावी. चालवणारी मुलगी विशीतली. ती ऐन वळणात थांबली, इंजिन बंद पडलं. परत सुरू केलं, गाडी हातभर मागे गेली, परत बंद. जळक्या क्लचचा वास आमच्यापर्यंत आला. आमच्या गाईडने अजून काही करायच्या आत आप्पा बोलले, "मागं घे म्हणावं. चढणाऱ्याची वाट असती."

मुलाने भाषांतर केलं. गाईड आधीच रिव्हर्स टाकत होता. इथल्या हायवे कोडमध्ये १५५ वा नियम हाच आहे, अरुंद रस्त्यावर चढून येणाऱ्याला वाट द्या. आपल्याकडे घाटात तोच. पण गाईडने आप्पांकडे वळून बघितलं आणि मुलाला विचारलं, तुझे आजोबा ड्रायव्हर होते का?

मुलाने माझ्याकडे बघितलं. "मम्मा, वॉज ही?"

मंडळी, इथे थांबते जरा. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. ३१ वर्षं. नारायणगाव डेपो, जुन्नर तालुक्यातलं आमचं गाव. माळशेज घाट त्यांनी किती वेळा उतरला ह्याची मोजदाद नाही. विनाअपघात सेवेबद्दल त्यांचा सत्कार झालाय, शाल, नारळ, बिल्ला, त्याचा फोटो गावच्या घरात देवाशेजारी आहे. आणि माझ्या मुलांना हे माहीत नव्हतं. मी त्यांना सांगत आले होते, आजोबा ट्रान्सपोर्ट डिपार्टमेंटमध्ये होते. खोटं नाही. ऑडिटरच्या भाषेत म्हणायचं तर डिस्क्लोजर अपुरं.

सुरुवात पुण्यात झाली. आर्टिकलशिपच्या मुलाखतीत विचारलं होतं, वडील काय करतात. माझ्या आधीच्या मुलीचे वडील सीए होते, तिच्या आधीच्याचे डॉक्टर. मी म्हटलं, सरकारी नोकरीत. कोणी पुढे विचारलं नाही. मग लग्न ठरताना तेच, इथे आल्यावर ऑफिसात तेच, आणि मग मुलांनाही तेच. आप्पांना हे ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी काढलं नाही.

मी म्हटलं, "हो. बस चालवायचे. घाटात."

मुलगा काही बोलला नाही. गाडीतून उतरला आणि आजोबांचं दार उघडलं.

पुढची पंधरा मिनिटं मी आयुष्यभर विसरणार नाही. गाईड खाली उतरून त्या मुलीच्या गाडीपाशी गेला, त्याच्या मागे आप्पा, आणि आप्पांच्या मागे दुभाष्या. "चाकामागं दगड लाव." मुलाने दगड लावला. "आता म्हणावं घाबरू नको. हँडब्रेक ओढून ठेव. क्लच अर्धा सोड, गाडी थरथरली का मग हँडब्रेक सोड." हे सगळं १३ वर्षांच्या मुलाने इंग्लिशमध्ये सांगितलं, मध्ये मध्ये "आजोबा सांगतो की" करत. मी एरवी "सांगतो नाही, सांगतात" म्हणून टोकते. त्या दिवशी गप्प बसले. तिसऱ्या प्रयत्नाला गाडी चढली. मुलीने खिडकीतून हात हलवला. आप्पांनी दोनदा टाळी वाजवली, डबल बेल दिल्यासारखी.

किल्ला तिथून थोडा खाली, उजव्या हाताला. तिकीट नाही, फाटक नाही, मेंढ्या फिरत असतात. चारी बाजूंच्या भिंती अजून उभ्या आहेत, काही ठिकाणी माणसाहून उंच. भिंतीत पाटीच्या दगडाची एक ओळ दिसते, तिच्या खालचं मूळ रोमन बांधकाम आणि वरचं अलीकडे रचलेलं. हे मला फार आवडलं, मूळ किती आणि नंतरची भर किती, स्पष्ट वेगळं दाखवलंय. आत सेनापतीचं घर, कचेरी, धान्याची कोठारं ह्यांचे चौथरे. बाहेर हमामखाना, त्यात घाम काढायची गोल खोली. आणि वर डोंगर कापून सपाट केलेलं कवायतीचं मैदान. खाली एस्कडेलची दरी थेट समुद्राकडे उतरत गेलेली.

मुलगी तिच्या शाळेतलं सगळं सांगत सुटली. आप्पांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बांधलं राजानं, हे कळलं. राबलं कोण?"

ह्याचं उत्तर किल्ल्याच्या दरवाजापाशी सापडलेल्या शिलालेखाच्या तुकड्यात आहे. त्यावर हेड्रियनचं नाव आणि डाल्मेशियन लोकांच्या चौथ्या पलटणीचं नाव. डाल्मेशिया म्हणजे आजचा क्रोएशिया आणि त्याच्या आजूबाजूचा किनारा. उन्हातल्या समुद्रकाठची पोरं, इथल्या पावसात आणून ठेवलेली. ती रोमन नागरिकही नव्हती. साम्राज्याने जिंकलेल्या मुलखातून भरती केलेलं सहायक सैन्य. २५ वर्षं नोकरी करायची, मग रोमचं नागरिकत्व मिळायचं, स्वतःला आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे मुलांनाही, आणि त्याचा दाखला ब्राँझच्या पत्र्यावर कोरून. आपण आयएलआरची पाच वर्षं आणि वर एक वर्ष मोजत केवढं रडलो होतो! तो बायोमेट्रिक कार्डाचा गठ्ठा आठवून मला त्या डाल्मेशियनांबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली.

आप्पा म्हणाले, "म्हंजे परगावचीच माणसं."

मग मी त्यांना मिरीची गोष्ट सांगितली. हेड्रियनच्या भिंतीजवळ विंडोलांडा नावाची छावणी आहे. तिथल्या चिखलात रोमन शिपायांनी शाईने लिहिलेल्या लाकडी पट्ट्या सापडल्या, १९७३ पासून सापडतायत. त्यात पत्रं आहेत, वाढदिवसाचं आमंत्रण आहे, आणि माझ्या जिव्हाळ्याचं म्हणजे उधारीचे हिशोब आहेत. एका पट्टीवर एका शिपायाच्या नावावर मिरी लिहिली आहे, दोन देनारी. इंग्लंडच्या उत्तर टोकाला, थंडीवाऱ्यात, साधा शिपाई उधारीवर मिरी घेतोय. आणि मिरी त्या काळी कुठून यायची? आपल्याकडच्या मलबारहून. लाल समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र करत. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच तक्रार करून ठेवली आहे की हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्याचे ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. ट्रेड डेफिसिटवरून ओरडणं किती जुनं आहे बघा.

मिरी मलबारची, पण त्याच व्यापाराचं एक दार आमच्या गावाजवळ होतं. नाणेघाट. पैठण, तेर, जुन्नर ही देशावरची गावं आणि कल्याण, सोपारा ही बंदरं, ह्यांच्या मधला सह्याद्री जिथे उतरता येतो ती खिंड. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात पैठण, तेर आणि कल्याण तिन्ही नावं आहेत. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती निघाली, ती रोमन व्यापाराचीच खूण. रॅव्हनग्लास ते ॲम्बलसाइड जे हार्डनॉटचं काम, तेच कल्याण ते जुन्नर नाणेघाटाचं. बंदर खाली, मुलूख वर, मध्ये चढ.

फरक हिशोबात आहे. हार्डनॉटला फौज ठेवायची म्हणून रस्ता, त्यामुळे तो नुसता खर्च. नाणेघाट कमवायचा. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला भला मोठा रांजण आहे, जकात त्यात टाकायचे असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. शेजारच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागणिका हिचा ब्राह्मी लेख आहे, ख्रिस्तपूर्व काळातला. त्यात कुठला यज्ञ केला, किती गाई दिल्या, किती घोडे, किती कार्षापण, सगळं आकड्यांनिशी. आपल्या देशातले सगळ्यात जुने आकडे ज्या मोजक्या लेखांत सापडतात त्यातला हा एक. भगवानलाल इंद्रजींनी १८७६ मध्ये त्या आकड्यांवर लेख लिहिला होता. राणीने देवाधर्माचा खर्च जकातनाक्यावर, येणाजाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला दिसेल असा कोरून ठेवला. पारदर्शकता की जाहिरात, तुम्ही ठरवा. माझं मत, दोन्ही.

हे मी तिथे भिंतीवर बसून सांगत होते. थर्मासातला चहा संपला. आप्पा म्हणाले, "त्या रांजणात आम्ही लपायचो. गुरं घेऊन जायचो तेव्हा." मुलीने लगेच विचारलं, आजोबांच्या गावात रोमन यायचे? त्यांचा पैसा यायचा, असं मी सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरून दिसलं की शाळेत हे सांगायचं ठरलं.

नाणेघाट आज पायवाटच आहे. देशावरून माथ्यापर्यंत गाडी जाते, खाली कोकणात वैशाखऱ्याला उतरायचं तर चालत. वाहतूक शेजारच्या माळशेज घाटाने गेली, आणि त्या घाटाने आमचं घर चाललं.

संध्याकाळी मुक्कामावर मुलाने विचारलं, घाटातले रस्ते मग कोणी बांधले, ब्रिटिशांनी? हा प्रश्न तुमच्या घरीही कधीतरी येणार आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

बोरघाटातून गाड्या जातील असा रस्ता १८३० मध्ये झाला. रेल्वे आली १८६३ मध्ये. आगगाडीला हार्डनॉटसारखा चढ चालत नाही. बोरघाटात तो १ ला ३७ ठेवायचा होता, म्हणून डोंगरातून पंचवीस बोगदे काढले. पैसा कोणाचा? ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही लंडनमधली कंपनी, भागधारक ब्रिटिश. त्यांना १८४९ च्या करारात ५ टक्के परताव्याची हमी होती. नफा कमी पडला तर फरक भरायचा हिंदुस्थानच्या तिजोरीने, म्हणजे आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या शेतसाऱ्यातून. असा करार मला कोणी क्लायंट म्हणून दाखवला तर मी विचारेन, धोका पत्करला कोणी? गुंतवणूकदाराने तर नाही.

धोका कोणाचा होता ते कामावर दिसलं. मजुरी थकली म्हणून १८५९ च्या सुरुवातीला मजुरांनी दंगा केला आणि मूळ कंत्राटदार काम सोडून गेला. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारपणात वारला. मग कंत्राट कोणी पुढे नेलं? त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने. इंजिनिअर नेमले आणि घाट पुरा करून घेतला. हे वाचल्यावर मी नवऱ्याला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. पण बाकीच्यांची नावं नाहीत. कॉलरा, ताप, सुरुंग, दरडी. मेलेल्या मजुरांचा अंदाज सुमारे २५ हजारांपर्यंत जातो. हार्डनॉटच्या डाल्मेशियनांना निदान दरवाजावर पलटणीचं नाव तरी मिळालं.

आप्पांनी ह्यावर शिंगरोबाची गोष्ट सांगितली, आणि ती मी कुठल्याही पुस्तकातून सांगितली असती त्यापेक्षा चांगली सांगितली. इंग्रज साहेबाला घाटाची वाट सापडेना, शिंगरोबा धनगराने दाखवली, साहेब म्हणाला बक्षीस माग, शिंगरोबा म्हणाला आमचा देश आम्हाला परत द्या, आणि साहेबाने गोळी घातली. लोककथा आहे, कागद नाही. पण जुन्या खंडाळा घाटात त्याचं देऊळ आहे आणि ड्रायव्हर लोक जाताना नाणं टाकतात. "मी पण टाकायचो," आप्पा म्हणाले. "मुंबईची ड्युटी लागली का." मुलाने विचारलं, किती? "चार आणे. पुढं रुपाया."

दुसऱ्या दिवशी गाईड आमचा राहिलेला छत्रीचा कव्हर द्यायला आला तेव्हा आप्पांनी नातवाला बोलावलं आणि विचारायला लावलं, ह्या घाटाचा देव कुठे असतो? गाईड हसला, म्हणाला असा कोणी नाही, आम्ही आपले हवामानाचा अंदाज बघतो. आप्पांना ते पटलं नाही. खिशातून पाच रुपयांचं नाणं काढून त्याच्या डॅशबोर्डवर ठेवलं आणि सांगितलं, राहू दे.

आता ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी. हार्डनॉटला फोर बाय फोर लागतेच असं नाही, डांबरी रस्ता आहे, साधी गाडी जाते. पण सिंगल ट्रॅकवर रिव्हर्स घ्यायचा आत्मविश्वास नसेल तर गाईडला पैसे द्या, क्लचपेक्षा स्वस्त पडतं. कॅरॅव्हॅन अजिबात नको. हिवाळ्यात बर्फ असताना जाऊ नका, कित्येकदा बंदच असतो. किल्ल्यावर टॉयलेट नाही, मुलांना आधी घेऊन जा. पुढे रॅव्हनग्लासपर्यंत जमलं तर तिथल्या रोमन हमामखान्याच्या भिंती चुकवू नका, चारेक मीटर उंच उभ्या आहेत. आणि एस्कडेलची छोटी आगगाडी लहान मुलांना आवडते.

आप्पा ऑगस्टमध्ये परत गेले. विमानतळावर मी त्यांना विचारायचं ठरवलं होतं, तुम्हाला माहीत होतं का मी काय सांगत होते ते. विचारलं नाही. ते नातवाशी बोलत होते.

मुलगा आता रविवारी सकाळी स्वतःहून व्हिडिओ कॉल लावतो. "सांगतो"चं "सांगतात" अजून झालेलं नाही. परवा विचारत होता, माळशेजमध्ये धुकं असताना समोरून ट्रक आला तर एसटी मागे कशी घ्यायची. आप्पांनी टेबलावर आगपेटी आणि चष्म्याचं घर मांडून दाखवलं.